बेने इस्राएलांचे स्मृतिधन

अलिबागेच्या उत्तरेस, थळ आणि किहीम यांच्या शेजारी, समुद्रकाठी नवगाव नावाचे एक लहानसे खेडे आहे. या गावी बेने इस्राएल समाजाचे एक प्राचीन दफनस्थान असून, आपले पूर्वज याच किनाऱ्यावर प्रथम उतरले अशी त्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली श्रद्धा आहे. आपल्या मायभूमीत परकीय राजाचा जुलूम असह्य झाल्यामुळे काही यहुदी कुटुंबे गलबतातून निघाली. चौल बंदराच्या उत्तरेस त्यांचे गलबत खडकांवर आपटून फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या पोहत तीराला लागल्या. लाटांनी आणून टाकलेली बाकीच्यांची प्रेते त्यांनी दोन मोठ्या उंचवट्यांखाली पुरली, एकाखाली पुरुषांची व दुसऱ्याखाली स्त्रियांची. आणि सामानसुमानाबरोबर धर्मग्रंथही बुडाल्यामुळे, स्मरणात जेवढे उरले तेवढ्याच आधारावर त्यांनी या अपरिचित भूमीत नवा संसार मांडला, अशी ती कथा आहे. या घटनेला एकही सनद, एकही शिलालेख, एकही दप्तरी कागद साक्ष नाही. तिला साक्ष आहे ती फक्त आजीने नातवंडांना सांगितलेल्या गोष्टीची. आणि तरीही जवळजवळ दोन सहस्र वर्षे एक समाज त्या गोष्टीच्या बळावर आपली ओळख राखून राहिला, ही गोष्ट कोकणच्या इतिहासात असामान्य मानली पाहिजे.

ज्यांच्यापाशी राज्य असते त्यांचा इतिहास दप्तरांत सापडतो, ज्यांच्यापाशी ग्रंथ असतात त्यांचा ग्रंथांत सापडतो. परंतु ज्यांच्यापाशी या दोहोंपैकी काहीच नसते त्यांचा इतिहास घरात राहतो. बेने इस्राएलांचा इतिहास असा घरात राहिलेला आहे. आरंभी त्याचे वाहन कथा होती, एकोणिसाव्या शतकात तिच्या जोडीला छापील ग्रंथ आणि छायाचित्र आले, व आज या समाजाचा फार मोठा भाग महाराष्ट्रापासून दूर गेलेला असताना ही साधनेच त्याच्या मराठी जीवनाचा मुख्य पुरावा होऊन राहिली आहेत.

किनाऱ्यावर उतरलेल्या या कुटुंबांच्या वंशजांनी तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करला. नारळाचे खोबरे व तीळ यांचे घाणे चालवून ते अष्टागरात आणि त्यापलीकडच्या गावोगावी तेल पुरवीत. शेतीही काहींनी केली. वेष त्यांनी कोकणी पत्करला, भाषा मराठी पत्करली, ज्या गावी वस्ती केली त्या गावचे नाव आडनाव म्हणून धारण केले. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, अष्टमकर, राजपुरकर, तळकर ही त्यांची आडनावे वाचीत गेले की सबंध कुलाबा जिल्हा व जंजिरा संस्थान यांचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. अब्राहामाचा अबाजी झाला, सॅम्युएलचा समाजी झाला. परंतु शनिवारी त्यांचा घाणा फिरला नाही. आठवड्याच्या त्या दिवशी हे तेली कामाला हात लावीत नाहीत हे शेजाऱ्यांनी पाहिले आणि त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. मुलाची आठव्या दिवशी सुंता करणे, निषिद्ध मांस व मासळी वर्ज्य करणे आणि ‘शेमा’ ही एकेश्वरी प्रार्थना प्रत्येक मंगल व अमंगल प्रसंगी उच्चारणे, एवढे आचार त्यांनी ग्रंथांवाचून सांभाळले. १७३८ मध्ये सार्टोरियस नावाच्या एका मिशनऱ्याने मद्रासेकडून धाडलेल्या पत्रात पश्चिम किनाऱ्यावरील या लोकांचा उल्लेख आहे, आणि त्यातही त्यांच्यापाशी बायबल नाही, शेमा मात्र आहे, असेच म्हटले आहे.

या जुन्या काळाविषयीची सर्वांत अर्थपूर्ण कथा दाविद रहाबीची. त्याच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कथेविषयी समाजात मतभेद नाही. परदेशाहून आलेल्या या यहुदी गृहस्थास हे तेली लोक आपलेच बांधव असावेत अशी शंका आली आणि खात्री करून घेण्यासाठी त्याने निरनिराळ्या जातींची मासळी एकत्र आणून त्यांच्या स्त्रियांपुढे शिजविण्यासाठी ठेवली. स्त्रियांनी खवले व पर असलेली मासळी तेवढी वेचून घेतली आणि बाकीची बाजूस सारली. ही आम्ही खात नाही, म्हणाल्या. ज्या किनाऱ्यावर कोलंबी, खेकडे आणि तिसऱ्या हे रोजचे अन्न, त्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहून त्यांना स्पर्श न करणे यास निग्रह लागतो. आणि तो निग्रह शास्त्र ठाऊक असलेल्या पंडितांचा नव्हता, तर ‘आपल्यात चालत नाही’ एवढेच ठाऊक असलेल्या स्त्रियांचा होता, हे ही कथा सांगते. रहाबीने पुढे झिराड, शापूरकर व राजपुरकर या घराण्यांतील तिघांस हिब्रू व धर्मविधी शिकविले, आणि त्यांच्याकडे काजीपणाचे काम आले. गावोगावी फिरून लग्ने लावणे, सुंता करणे आणि तंटे मिटविणे ही कामे हे काजी करीत, व गावच्या मुकादमाच्या सल्ल्याने निवाडा होई.

जे स्मरणात नव्हते त्यावरूनही समाजाने आपल्या प्राचीनत्वाचा तर्क केला. मक्काबी वीरांच्या विजयाचा हनुक्का हा सण या लोकांस पूर्वी ठाऊक नव्हता. तेव्हा त्या विजयापूर्वीच आपले पूर्वज मायभूमी सोडून निघाले असले पाहिजेत, असे अनुमान त्यांच्या इतिहासकारांनी बांधले. जे सण ठाऊक होते त्यांना त्यांनी मराठी नावे दिली. वर्षारंभाचा तो नव्याचा सण, घराची दारे बंद करून दिवसभर उपोषण करण्याचा तो दारफळणीचा सण, यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाबद्दल शोक पाळून वालाच्या बिरड्यावर जेवण्याचा तो बिरड्याचा सण.

अलिबागेजवळ खंडाळे येथे खडकावर ज्या खुणा आहेत त्यांस बेने इस्राएल ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात. एलियाहू संदेष्टा अग्निरथातून स्वर्गारोहण करताना येथे उतरला व त्याच्या घोड्यांच्या टापा खडकात उमटल्या, अशी श्रद्धा आहे. एलियाहूस केलेला नवस फेडावयाचा तर मलिदा करतात. भिजविलेल्या पोह्यांत खवलेला नारळ, साखर, वेलदोड्याची पूड व सुका मेवा कालवून ते एका मोठ्या ताटात रचतात, भोवती फळे मांडतात, सुवासिक पाला वा फूल ठेवतात, आणि सारे कुटुंब ताटाभोवती बसून एलियाहूचे स्तवन हिब्रूत गाते. मग प्रत्येक फळावर त्या त्या जातीची आशीर्वचने म्हणून प्रसाद वाटला जातो. लग्न असो, गृहप्रवेश असो, आजारातून उठलेले मूल असो, मलिद्यावाचून कार्य पुरे होत नाही. संदेष्टा इस्राएलाचा, नवस कोकणचा, पोहे अष्टागरातले, स्तोत्र हिब्रू. आणि या साऱ्यांत कोठेही जोड दिसत नाही, इतके ते एकजीव झालेले आहे.

अठराव्या शतकात मुंबईचे बंदर वाढू लागले तशी बेने इस्राएल कुटुंबे घाणा सोडून कंपनी सरकारच्या फौजेत व मुंबईच्या कारखान्यांत शिरू लागली, आणि त्यांच्या कथांना नामनिर्देश व तारखा प्राप्त झाल्या. सॅम्युएल इझिकेल दिवेकर, घरगुती नावाने समाजी हसाजी, हा कंपनीच्या फौजेतील अधिकारी म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या हाती सापडला. कैद्यांस देहान्ताची शिक्षा होणार तोच, ‘बेने इस्राएल’ हे नाव कुराणात आलेले आहे असे सांगून टिपूच्या आईने त्याच्यासाठी रदबदली केली व त्याचे प्राण वाचले, अशी आख्यायिका आहे. या सुटकेची कृतज्ञता म्हणून त्याने १७९६ मध्ये मुंबईस मांडवी भागात ‘शआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे प्रार्थनामंदिर बांधले. समाजाचे ते पहिले सिनेगॉग. लोक त्यास मशीद म्हणत, आणि त्या भागातील रस्त्यास सॅम्युएल स्ट्रीट हे नाव पडले. पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे येथे मंदिरे उभी राहिली. अलिबागच्या इस्राएल आळीतील ‘मागेन आबोथ’ १८४८ चे आहे.

याच काळात ग्रंथाचा वियोग संपला. १८२६ च्या सुमारास कोचीनहून यहुदी शिक्षक आले. जॉन विल्सन याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. आणि १८४६ मध्ये मुंबईस वल्हांडणाच्या विधीचे पुस्तक, हगादा, हिब्रू मूळ व मराठी भाषांतर यांसह शिळाछापावर निघाले. १८७४ मध्ये पुण्यास मोझेस जेकब तळकर व एरन डॅनियल तळकर यांनी काढलेल्या सचित्र हगादाची पृष्ठे या दृष्टीने मोठी बोलकी आहेत. वल्हांडणाच्या बेखमीर भाकरी करण्याचा विधी त्यांत चित्रांनी दाखविला असून भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. या विधीचे चित्र युरोपातील हगादांतून उतरवून घेणे सोपे होते. काढणाऱ्याने आपल्या माजघरातील स्त्रिया काढल्या. छायाचित्र घरोघर पोचण्यापूर्वीचे बेने इस्राएल गृहजीवनाचे हे आत्मचित्रण होय. याच पिढीत जोसेफ इझिकेल राजपुरकर यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, आणि १८८० च्या सुमारास बेने इस्राएलांनी कीर्तनाची प्रथाही उचलली. अब्राहाम, योसेफ व मोशे यांची आख्याने ओवी, साकी, दिंडी या वृत्तांत रचून, टाळमृदंगाच्या साथीने, कीर्तनकार श्रोत्यांपुढे उभा राहून सांगू लागला. ज्यांना हिब्रू वाचता येत नसे त्या स्त्रियांना व मुलांना बायबलातील पूर्वजांची ओळख मराठी कीर्तनाने करून दिली.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन याने त्या दशकात शहरातील नानाविध जातिजमातींची जी छायाचित्रे घेतली त्यांत बेने इस्राएलांचाही समावेश होता. ही छायाचित्रे मोलाची आहेत, तथापि त्यांत एक मोठी उणीव आहे. चौकटीतील माणसे कोण, हे कोठे लिहिलेले नाही; लिहिले आहे ते जमातीचे नाव. सरकारी गॅझेटियरांतही, कुलाब्याच्या १८८३ च्या खंडात काय आणि पुण्याच्या खंडात काय, बेने इस्राएलांचा पोशाख, आहार, घरे, संस्कार यांचे तपशीलवार वर्णन आहे, पण तेही एका जातीचे वर्णन आहे. त्यात माणूस नाही. पाहणारा परका असला म्हणजे असे होते. घरच्या माणसाने जपलेल्या छायाचित्रात आधी माणूस असतो, मग त्याचा समाज असतो.

घरच्या या छायाचित्रांचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला आणि ती क्रमाने पाहिली असता तीन पिढ्यांचा पालट डोळ्यांपुढून जातो. आरंभीच्या चित्रांत खुर्चीवर बसलेला वृद्ध पागोटे व लांब अंगरखा घातलेला आहे. शेजारी पत्नी नऊवारी लुगड्यात, गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या, कपाळ मात्र कुंकवावाचून. ओळखीची खूण म्हणावी अशी एवढी एकच. त्यानंतर गणवेशातील सुभेदार येतात, छातीवर बिल्ले लावलेले. मुंबई फौजेत एतद्देशीय अधिकाऱ्यांत या लहानशा समाजाचे प्रमाण लक्षणीय होते. मग फौजेची भरती जातवार होऊ लागली, तिच्यात या समाजास वाव उरला नाही, आणि छायाचित्रांतील तरुण कोट व काळी टोपी घालून टपाल, रेल्वे, जकात या खात्यांच्या कचेऱ्यांबाहेर रांगेने उभे राहिलेले दिसू लागतात. त्यांच्या बहिणी शाळेच्या वा रुग्णालयाच्या समूहचित्रांत आहेत. लग्नाच्या छायाचित्रांत हिरव्या व तांबड्या लुगड्याची जागा शुभ्र वस्त्राने घेतली, ती बगदादी यहुदी व इंग्रज यांच्या सहवासाने. मेंदीचा विधी मात्र पूर्ववत राहिला. एवढा इतिहास एका भिंतीवरील चौकटींतून वाचता येतो.

सार्वजनिक जीवनातील छायाचित्रेही याच मालिकेत लावली पाहिजेत. जंजिरा संस्थानचे कारभारी शालोम बापूजी वर्घरकर, १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलायजा मोझेस, कामा रुग्णालयाच्या प्रमुख व स्त्रीवैद्यकातील अग्रणी डॉ. जेरुशा झिराड, १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या व पुढे सर एली कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका झालेल्या रिबेका रूबेन, ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर, आणि ‘बूट पॉलिश’मधील जॉनचाचाच्या भूमिकेने अखिल देशास परिचित झालेले डेव्हिड अब्राहम चेऊलकर. डेव्हिड यांचा चेहरा लक्षावधी लोकांनी पडद्यावर पाहिला. त्यांचे आडनाव चौल गावावरून आलेले आहे हे त्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

कथा, विधी आणि चित्रे यांचे महत्त्व ज्यास सर्वप्रथम उमगले तो पुरुष म्हणजे हाईम सॅम्युएल किहीमकर. १८३० मध्ये अलिबागेस जन्मलेल्या या गृहस्थाने समाजाच्या मुलांसाठी १८७५ मध्ये मुंबईस शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा या नावाने माझगावात प्रसिद्धीस आली. आणि आयुष्यभर वृद्धांकडून ऐकलेली प्रत्येक गोष्ट, प्रत्येक घराण्याची हकीकत, प्रत्येक सणाचा व संस्काराचा विधी टिपून त्याने १८९७ च्या सुमारास समाजाचा बृहत् इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. हयातीत तो त्यास छापता आला नाही. हस्तलिखित चाळीस वर्षे घरात पडून राहिले, आणि इम्मानुएल ओल्सवांगर या अभ्यासकाच्या खटपटीने १९३७ मध्ये तेल अवीव येथे छायाचित्रांसह प्रसिद्ध झाले. आज बेने इस्राएलांविषयी कोणीही काही लिहावयाचे म्हटले तरी त्यास किहीमकरांच्या ग्रंथाचा आश्रय करावाच लागतो. त्या चाळीस वर्षांत वाळवीने किंवा पावसाने ते कागद नष्ट केले असते तर नवगावचे उंचवटे, रहाबीची मासळी आणि गावोगावचे काजी यांची किती माहिती आज आपणांस उरली असती, याचा विचार प्रत्येकाने करावा.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले त्या सुमारास भारतात बेने इस्राएलांची संख्या सुमारे २०,००० होती. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत त्यांपैकी बहुसंख्य लोक तिकडे गेले. कोणाच्या छळामुळे नव्हे, कारण छळ त्यांना या भूमीत कधी ठाऊक नव्हता, तर प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव पिढ्यान्‌पिढ्या घेतले तिची ओढ म्हणून व मुलाबाळांच्या उत्कर्षाची आशा म्हणून. पण तेथे त्यांच्यापुढे एक दुःखद प्रसंग उभा राहिला. १९६२ मध्ये तेथील धर्माधिकाऱ्यांनी फर्मान काढले की, बेने इस्राएल वधूवरांच्या विवाहाची नोंद करण्यापूर्वी त्यांच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. ज्या समाजाने ग्रंथ नसताना शनिवारचा शब्बाथ पाळला, त्याच्याकडे आता पिढ्यांचा पुरावा मागण्यात आला. आणि त्याच्यापाशी होत्या त्या आज्यांच्या कथा, घराण्यांची नावे व पेटीतून आणलेली छायाचित्रे. समाजाने यरुशलेमेत सत्याग्रह केला, इकडे भारतातही निषेध झाला, आणि अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असून त्यांच्यात व इतरांत कोणताही भेद करू नये असे ठरविले. स्मृतीने दप्तरावर मिळविलेला हा विजय होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

इस्राएलातील लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा, दिमोना या शहरांत वसलेल्या या लोकांनी मराठी टाकली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघत आले आहे, आणि मलिद्याचे ताट तेथेही मांडले जाते. इकडे मागे राहिलेला समाज आता काही हजारांवर आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजास अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. कोकणातील काही सिनेगॉगांत प्रार्थनेस आवश्यक असलेले दहा पुरुष जमविणेही कठीण जाते. अशा वेळी कलावंतांनी स्मृती जपण्याचे काम आपल्याकडे घेतले आहे. मुंबईत वाढलेल्या सियोना बेंजामिन या चित्रकर्तीने बेने इस्राएल व्यक्तींची छायाचित्रे व त्यांच्या तोंडच्या हकीकती जमवून त्यांवर चित्रमालिका रचली आणि ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडली. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड यांनी कादंबऱ्यांतून बेने इस्राएल कुटुंबांचे जीवन चितारले. ही कामे थोर आहेत, परंतु ती थोड्यांनी केलेली आहेत, आणि स्मृतीची ही संपत्ती पुष्कळ घरांत विखुरलेली आहे.

छायाचित्र कथेवाचून टिकत नाही, हे या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य आहे. ज्याने जॉन्सनच्या संग्रहातील निनावी चेहरे पाहिले असतील त्यास ते पटेल. कागद दीडशे वर्षे टिकला, माणूस मात्र हरवला. कथेलाही छायाचित्राचा आधार लागतो, कारण सांगणारी पिढी गेल्यावर ऐकणाऱ्याचा विश्वास दृश्य खुणेवाचून डळमळतो. यास्तव ज्या बेने इस्राएल घरांत जुन्या चौकटी असतील त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसून प्रत्येक चित्रामागे मऊ शिसपेनने नाव, गाव, नाते आणि साल लिहून ठेवावे, आणि हे काम पुढच्या सणावर ढकलू नये. हे कर्तव्य केवळ त्यांचे नाही. अलिबाग, पेण, पनवेल, मुरूड, ठाणे, पुणे येथील असंख्य मराठी घरांत आजोबांच्या शाळेची, कचेरीची, पलटणीची समूहचित्रे आहेत, आणि त्यांत शेजारी उभा असलेला कोणी पेणकर, कोणी दिवेकर, कोणी रोहेकर आहे. वाचकहो, ते चित्र आज भिंतीवरून उतरवा, त्यातील त्या शेजाऱ्याचे नाव जाणणारे कोणी अद्याप हयात असेल तर त्यांस विचारा, आणि ते लिहून ठेवा.